सातवं दार

सातव्या दाराचा नियम मला पहिल्याच दिवशी पटला, म्हणून मी ते काम धरलं. गल्लीच्या तोंडापासून दारं मोजत जायची आणि दर सातव्या दाराची कडी वाजवायची. सहाव्या दारातली बाई चहाला बोलावत असली तरी तिथं थांबायचं नाही, आणि सातव्या दारात कुत्रं बांधलेलं असलं तरी ते दार चुकवायचं नाही. मी बत्तीस वर्षं बस चालवली, आधी कारखान्याची, मग हिंजवडीच्या कंपनीची. थांबा म्हणजे थांबा, हे मला कोणी शिकवायला लागत नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. हे वहीत लिहितोय, त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ज्याला दिसेल त्यानं आपलं आपण सुधारून घ्यावं. मला विचारायला येऊ नये.

बाई आमच्या वस्तीत पहिल्यांदा आल्या तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. बायको जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि ओट्यावर बसणं एवढंच काम मला उरलं होतं. बाई म्हणजे खराडीकडच्या एका संशोधनाच्या ऑफिसातल्या मुख्य. पंचेचाळिशीच्या असतील. बरोबर दोन पोरी, गळ्यात ओळखपत्रं, हातात फॉर्मांचे गठ्ठे.

“काका, इथं घरांचे नंबर कुठून सुरू होतात?”

“कुठूनच होत नाहीत.”

“मग पत्ता कसा शोधायचा?”

“ज्याला यायचं असतं त्याला सापडतो.”

पोरी हसल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मग तुम्हीच चला आमच्याबरोबर.”

विश्रांतवाडीत मी चाळीस वर्षं राहतोय. कुठली गल्ली कुठं बंद होते आणि कुठल्या मोरीवरून उडी मारावी लागते, सगळं पाठ. मी चपला घातल्या.

कामाचं बाईंनी मला चालता चालता सांगितलं. तंबाखूचा अभ्यास होता. कोण घेतं, केव्हापासून घेतं, सोडायचा प्रयत्न केला का. एकटं पुणं नव्हतं त्यात. ढाका होतं, नेपाळातलं एक शहर होतं, आफ्रिकेतला एक देश होता. बाई म्हणाल्या, “काका, आजवर श्रीमंत देश त्यांच्या सिगरेटीवरून आपल्याला उपाय सांगत आले. आपल्याकडं सिगरेट ओढतात किती जण? आपलं दुखणं वेगळं, तर शोधही आपणच चौघांनी मिळून घ्यायचा.” चौघांनी बसून एकच फॉर्म केला होता. वर्ष गेलं म्हणे त्यात, भांडणं झाली. चारी ठिकाणी तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. तसं केलं तरच एकाचं उत्तर दुसऱ्याच्या शेजारी ठेवून बघता येतं. हेही मला पटलं. चार गाड्या चार रस्त्यांनी निघाल्या तरी वेळापत्रक एक पाहिजे.

पोरी मला आजोबा म्हणायला लागल्या. मी पुढं, त्या मागं. मी कडी वाजवायचो, ओळख करून द्यायचो आणि दाराबाहेर उभा राहायचो. उत्तरं ऐकायला मी थांबायचो नाही असं नाही. कान आहेत मला.

अकरावा प्रश्न असा होता: “घरातलं कोणी तंबाखू ओढतं, खातं किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे वापरतं का?”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागच्या गल्लीत सातवं दार आलं ते माझ्या बायकोच्या मैत्रिणीचं. दोघी चाळीस वर्षं एका नळावर भांडल्या आणि एका नळावर हसल्या. ती बाहेर आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. उजव्या हाताचं पहिलं बोट काळं होतं. बाजूला वळून थुंकली, पदरानं ओठ पुसले आणि अकराव्या प्रश्नाला म्हणाली, “नाही गं बाई! आमच्या घरात बाईमाणूस तंबाखूला शिवत नाही.”

पोरीनं ‘नाही’च्या चौकोनात खूण केली.

मी गटाराकडं बघत उभा राहिलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती बोटावर होती ती मिश्री. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लावतात. विचारलं तर म्हणतात, दात घासते.

त्या बाईला खोटं बोलायचं नव्हतं. हे मला कसं कळतं, ते पुढं सांगतो. ते सांगायचं नव्हतं मला, म्हणूनच तर सगळं झालं.

मी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. ड्रायव्हर लोकांत असा माणूस कोणी दाखवावा. डेपोत मला टोमणे मारायचे, “हे आले बघा, गाडी डिझेलवर आणि ड्रायव्हर दुधावर.” मारोत. वस्तीत माझं घर निर्व्यसनी म्हणून सांगत, आणि ते कोणी सांगितलं की मला बरं वाटायचं. आणि तंबाखूची पुडी दर रविवारी बसथांब्याजवळच्या दुकानातून मीच आणायचो. दुकानदार विचारायचा, “तुम्ही कधीपासून?” मी म्हणायचो, “घरी मिश्रीला लागते.” तंबाखू म्हणून मागायची, तंबाखू म्हणून पिशवीत टाकायची, आणि तव्यावर चढली की तिची तंबाखू राहायची नाही. आमच्या घरात तवे दोन. मिश्रीचा तवा वेगळा, वास पोळीला लागतो म्हणून. ती तो मोरीच्या कोपऱ्यात उभा करून ठेवायची. आजही तिथंच आहे.

तिच्या गालाच्या आत चट्टा आला तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. केसपेपर लिहिणारा डॉक्टर तरुण होता, रांग मोठी होती. त्यानं तिला विचारलं, “तंबाखू खाता का?” प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. “आमच्या घरात बाईमाणूस काय, पुरुषमाणूससुद्धा तंबाखूला शिवत नाही.” बाकावरच्या लोकांना ऐकू जावं अशा आवाजात दिलं. त्यानं लिहून घेतलं. तिनं पदर तोंडाला धरला होता. तिनं मान हलवली की नाही, ते मला आठवत नाही. पुष्कळ वेळा आठवून बघितलंय.

मलम घेऊन आम्ही घरी आलो. दुखतंय म्हणून ती चट्ट्यावरसुद्धा मिश्री लावायची. म्हणायची, “अहो, बधिर होतं, बरं वाटतं.” मी रविवारी पुडी आणत राहिलो.

पाच-सहा महिन्यांनी मोठे डॉक्टर बसले होते. त्यांनी बॅटरीनं तोंडात बघितलं आणि विचारलं, “मावशी, मिश्री लावता?”

“लावते की. सकाळी, जेवल्यावर आणि निजताना.”

“किती वर्षं?”

“लग्नाच्या आधीपासून.”

अशी पटकन बोलली. लपवायचं काहीच नव्हतं तिच्या मनात. त्यांनी मिश्री म्हणून विचारलं, तिनं मिश्री म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरचं पहिलं पान उलटून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही. त्यांनी उत्तर दिलं असतं.

तर मागच्या गल्लीतून निघताना मी पोरीला म्हटलं, “मिश्री विचारायची होती.”

“आजोबा, फॉर्मबाहेरचं विचारायचं नाही. बाईंनी बजावलंय.”

तिचं बरोबर होतं. सातव्या दारावर अडून बसणारा मी, तिला काय बोलणार? मी बाईंना गाठलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, मिश्री आम्हाला काय माहीत नाही? म्हणून तर ‘दुसऱ्या कुठल्याही प्रकारे’ घातलंय त्यात.”

“ते तुम्हाला कळतं. बायकांना नाही कळत.”

“कशावरून?”

“मला ठाऊक आहे.”

“पण कसं ठाऊक?”

“आहे ठाऊक.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “काका, एकेका वाक्यावर आम्ही महिना महिना भांडलोय. आपण मिश्री घातली की नेपाळ आपलं काहीतरी घालणार, आफ्रिका आपलं घालणार. चार याद्या झाल्या की जुळणी मोडते. पुण्यातल्या एका काकांना ठाऊक आहे, एवढ्यावर मी कशी बोलू?”

मी म्हटलं, “नसेल बोलता येत तर राहू द्या. मी उद्यापासून येत नाही.”

आणि गेलो नाही. मी एकदा म्हटलं की म्हटलं.

ते चार दिवस कसे गेले ते लिहायला नको होतं, पण लिहितो. काम नव्हतं तेव्हा दिवस निघत होते. काम लागून सुटल्यावर निघेनात. सकाळी पोरींच्या चपला गल्लीत वाजायच्या त्या वेळेला मी ओट्यावर यायचो आणि कोणी दिसलं की आत जायचो. चहा एका कपाचा करायला अजून हात बसलेला नाही, आधण जास्तच पडतं. उरलेला चहा झाडाला घालू नये म्हणतात, मी घालतो. मुलगा हिंजवडीत असतो, एकाच शहरात, पण गर्दीत दीड-दोन तास लागतात. रविवारी त्याचा फोन येतो. “बाबा, इकडं या राहायला.” मी म्हणतो, “बघू.” तो म्हणतो, “जेवलात?” मी म्हणतो, “हो.” ह्यापुढं आमच्या दोघांकडं काही नसतं. ती असताना फोन तिच्याकडं असायचा आणि मी लांबून विचारायचो, काय म्हणतोय? आता लांबून विचारायला कोणी नाही.

त्या चार दिवसांत मी मोरीतला तवा दोनदा उचलला, भंगारवाल्याची हाक आली म्हणून. दोनदा परत ठेवला.

पाचव्या दिवशी दाराची कडी वाजली. बाई एकट्याच होत्या.

“काका, पोरींना लोक दारं उघडत नाहीत. विचारतात, आजोबा कुठायत?”

“आजोबा घरी आहेत, म्हणून सांगा.”

“सांगितलं. मग म्हणतात, आजोबांना घेऊन या.”

मी त्यांना बसायला सांगितलं. दुसरा कप वरच्या फळीवर होता, तो काढून धुतला. चहा दोन कपांचा बरोबर झाला. बाई चहा पीत भिंतीवरच्या फोटोकडं बघत होत्या. विचारलं नाही काही. त्या क्षणी मी बोलू शकलो असतो. पण वस्तीत चाळीस वर्षं ताठ मानेनं राहिलेला माणूस, माझ्याच घरात, बायकोच्याच फोटोखाली बसून काय सांगणार?

मी म्हटलं, “तुमची ती चार देशांची मीटिंग असते ना, त्यात मला बसवा. जे सांगायचं ते तिथं सांगतो. दोनदा सांगणार नाही.”

“मीटिंग इंग्रजीत असते, काका.”

“तुम्ही आहात की.”

खराडीच्या त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर मी इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून गेलो. भिंतीवर मोठा पडदा, त्यात चौकोनात चेहरे. आफ्रिकेतले एक उंच गृहस्थ, नेपाळचे एक तरुण डॉक्टर, आणि ढाक्याच्या एक बाई, माझ्याहून थोड्या लहान, पांढरे केस, सुती साडी. अर्धा तास त्यांचं चाललं. मला एक अक्षर कळलं नाही. मग बाई म्हणाल्या, “काका, बोला.”

मी उभा राहिलो. बसा म्हणाले, बसलो नाही. रविवारची पुडी सांगितली. दोन तवे सांगितले. मी दोन वाक्यं बोलायचो आणि बाई इंग्रजीत करायच्या. मग मी दवाखान्यातला प्रश्न सांगितला, आणि मी काय उत्तर दिलं ते सांगितलं, शब्दाला शब्द. तिथं बाई थांबल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. समोरच्या पाण्याच्या ग्लासाला हात लावला आणि प्यायल्या नाहीत.

मी म्हटलं, “सांगा बाई. आहे तसं सांगा.”

त्यांनी सांगितलं. इंग्रजीत ते फारच थोडं झालं. मला वाटलं, एवढंसंच होतं?

मग मी मोठ्या डॉक्टरांचं सांगितलं. नावानं विचारलं आणि तिनं सांगितलं, लगेच, तीन वेळा लावते म्हणून. “एवढंच मला ठाऊक होतं,” मी म्हटलं आणि बसलो.

पडद्यावर आफ्रिकेतल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग ढाक्याच्या बाई हिंदीत बोलायला लागल्या, मोडकं हिंदी, थांबत थांबत. “दादा, मेरी हिंदी टीवी की है, माफ करना. भाभी को क्या तकलीफ थी? गाल में?”

“गाल में.”

“हमारे यहाँ गुल बोलते हैं. डिब्बी में आता है, औरतें दाँत में लगाती हैं. मेरी माँ लगाती थी. यह फॉर्म बनाने में मैं थी, दादा. मैंने गुल नहीं लिखा. मुझे लगा, इतने बड़े फॉर्म में गुल क्या लिखना.”

त्यांनी मान खाली घातली. हजार मैलांवरच्या त्या बाईला मी काय म्हणणार? मी म्हटलं, “आपने नहीं लिखा, मैंने नहीं बोला.”

पुढं तासभर त्यांचं इंग्रजीत जुंपलं. नेपाळचे डॉक्टर वेळापत्रकावर बोट आपटत होते, ते कळण्यासाठी भाषा लागत नव्हती. शेवटी ठरलं ते बाईंनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. अकरावा प्रश्न चारी देशांत आहे तसाच राहणार. पण त्याच्या खाली प्रत्येक देशानं आपल्याकडच्या वस्तूंची नावं लिहायची, आणि एकेक नाव घेऊन विचारायचं. आणि जी घरं झाली होती ती सगळी पुन्हा करायची. चारी देशांत.

पोरींनी मला दुसऱ्या दिवशी हात जोडले. “आजोबा, तुमच्यामुळं नेपाळातल्या पोरी डोंगर पुन्हा चढणार.”

“चढू दे. तब्येतीला चांगलं असतं.”

पुन्हा पहिल्या गल्लीपासून सुरुवात. तीच दारं, तोच अकरावा प्रश्न, “नाही गं बाई.” आणि खाली, “मिश्री?” “हां, ती लावते की!” एका घरामागून दुसऱ्या घरात. पोरी माझ्याकडं वळून बघायच्या. मला त्यात काही मिळाल्यासारखं वाटलं नाही. प्रत्येक ‘लावते की’ मला ओळखीच्या आवाजात ऐकू यायचं.

बायकोच्या मैत्रिणीच्या दाराशीही तसंच झालं. पोरीची खूण करून झाल्यावर ती मला म्हणाली, “भाऊजी, मिश्री म्हणजे तंबाखूच का हो?”

“तंबाखूच.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“डॉक्टरांनी विचारलं तेव्हा.”

ती बराच वेळ माझ्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणणार, मग पुडी कोण आणत होतं? तिला माहीत होतं कोण आणायचं. तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं. चारच दिवसांनी सकाळी तिच्या घरातून भाजल्याचा वास आला. तो वास नाकात गेला की अजून मला मागं वळून बघावंसं वाटतं, आपल्याच मोरीतून येतोय का म्हणून.

आमची गल्ली शेवटी ठेवली होती. एक पोरगी त्या दिवशी आली नव्हती, दुसरी आणि मी असे दोघंच होतो. ती मोजत होती. चार, पाच, सहावं शिंप्याचं. मग तिचं बोट हवेत थांबलं.

“आजोबा, हे तुमचं. पुढचं घेऊया.”

“नियम काय आहे?”

“अहो, पण तुमचं काय विचारायचं? मला सगळं माहितीये.”

“तुला माहिती असून चालत नाही. सातवं आहे ना? मग कडी वाजव.”

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. ती बाहेर हसली असेल. कडी वाजली. मी उघडलं. तिनं नमस्कार करून आपलं नाव, काम, सगळं सांगितलं, जसं सगळ्या दारांत सांगते तसं. मी तिला खुर्ची दिली. तिनं फॉर्म मांडीवर घेतला.

“घरात राहणारी माणसं किती?”

“एक.”

“स्त्रिया?”

“नाहीत.”

ती भराभर लिहीत होती, मान वर करत नव्हती. दहा प्रश्न झाले. अकराव्याला तिनं सावकाश वाचलं, ओढतं, खातं किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे. मी म्हटलं, नाही. मग खालची नावं, एकेक. विडी? नाही. जर्दा? नाही. गुटखा? नाही.

“मिश्री?”

तिच्यामागं मोरीच्या कोपऱ्यात तवा उभा होता. तिला तो दिसत नव्हता.

“नाही,” मी म्हटलं. “कोणी नाही.”

तिनं खूण केली. पेन उचललं, पुन्हा टेकवलं. “आजोबा, ह्याच्यात फक्त आत्ता राहणाऱ्यांचं आहे. आजींचं लिहायला जागाच नाहीये. शेवटी ‘इतर’ म्हणून एक ओळ आहे, तिथं लिहू का?”

“तिथं बाकीच्या दारांत काय लिहितेस?”

“काही सांगितलं तर लिहिते. नाहीतर कोरी.”

“विचार मग.”

“आणखी काही सांगायचंय?”

 बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं.

“मागं एकदा विचारलं होतं तेव्हा चुकीचं सांगितलं,” मी म्हटलं, “असं लिही.”

तिनं लिहिलं. ओळ भरली तेव्हा उरलेलं समासात लिहिलं. मग खाली सहीची जागा होती. मी माझी सही केली, चौथीत शिकलो तशी, एकेक अक्षर सुटं. तिनं फॉर्म गठ्ठ्यात घातला. मी चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि पुढच्या दारापासून पुन्हा एक मोजायला लागलो.